पांडुरंगाचा प्रांत

1 जुलै 2025 या दिवशी व्हिएतनामच्या नकाशावरून निन्ह थुआन हा प्रांत गेला. देशातल्या प्रांतांची आणि प्रांतदर्जाच्या शहरांची संख्या 63 वरून 34 वर आणण्याचा ठराव राष्ट्रीय सभेने जूनमध्ये मंजूर केला होता. त्यानुसार निन्ह थुआन उत्तरेकडच्या खान होआ प्रांतात विलीन झाला आणि कारभार न्हा ट्रांगला गेला. क्षेत्रफळ 3,358 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 2019 च्या जनगणनेनुसार सहा लाखांच्या थोडी आत. एवढासा हा प्रांत बंद झाल्याची बातमी बाहेरच्या जगात फारशी कुणी छापली नाही.

पण या प्रांताला पुसले जाण्याची सवय आहे. फ्रेंचांनी 1901 मध्ये फान रांग या नावाने तो वेगळा काढला, 1913 मध्ये मोडला, उत्तरेचा भाग खान होआला आणि दक्षिणेचा बिन्ह थुआनला जोडला आणि 1922 मध्ये पुन्हा उभा केला. युद्ध संपल्यावर 1976 मध्ये नव्या सरकारने तो बिन्ह थुआन आणि बिन्ह तुई यांच्याशी जोडून थुआन हाय असा एक मोठा प्रांत केला. तोही टिकला नाही. 1992 मध्ये निन्ह थुआन परत आला आणि 33 वर्षांनी पुन्हा गेला. शतकाहून थोड्या जास्त काळात तीनदा मोडलेला हा मुलूख प्रत्येक वेळी वेगळा ओळखू का येत राहिला, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे.

त्याचे उत्तर फ्रेंचांच्या कागदपत्रांत सापडत नाही, आणि हनोईच्या सरकारी कागदांतही सापडत नाही. त्यासाठी आणखी मागे जावे लागते. व्हिएतनामचा प्रांत होण्याआधी ही भूमी पांडुरंग नावाचे राज्य होती. चंपा या चाम लोकांच्या देशातले हे सर्वांत दक्षिणेचे आणि सर्वांत शेवटपर्यंत तगलेले राज्य. त्याचा शेवट झाला 1832 मध्ये. म्हणजे इकडे पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली होती, तेव्हाही तिकडे पांडुरंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर एक चाम अधिपती गादीवर होता. आजच्या फान रांग शहराच्या नावात तोच जुना शब्द झिजून उरला आहे.

हे नाव वाचताच मराठी वाचकाचे मन पंढरपूरकडे धावेल. ते साहजिक आहे, पण तिथेच थांबवायला हवे. इथल्या राजांचे मुख्य दैवत शिव होते. विठ्ठलाशी किंवा वारकरी परंपरेशी या नावाचे नाते सांगणारा कोणताही पुरावा नाही. आपले खरे नाते वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते जास्त पक्के आहे. चंपाचे शिलालेख शकाने कालगणना करतात, जो शक आपल्या पंचांगावर आजही छापला जातो. फान रांगजवळच्या यांग तिकुह येथील संस्कृत लेख शके 721 चा, म्हणजे इ. स. 799 चा आहे. राजा पहिला इंद्रवर्मन त्यात सांगतो की भद्राधिपतीश्वराचे देऊळ शके 709 मध्ये जहाजांतून आलेल्या जावाच्या सैन्याने जाळले आणि आपण ते पुन्हा उभारले. समुद्रावरून आलेली धाड, जळालेले देऊळ, पुन्हा झालेली प्रतिष्ठापना. या मुलखाच्या इतिहासाची सुरुवातीची पाने अशी आहेत.

हा मुलूख मुळात कोरडा आहे. पावसाळी व्हिएतनाममध्ये हे खोटे वाटेल, पण तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र अशा खळग्यात फान रांगचे मैदान बसले आहे आणि वर्षभर वाहणाऱ्या दोन्ही मोसमी वाऱ्यांचे पाणी डोंगरांपलीकडेच पडून जाते. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. देशातला सर्वांत कमी. म्हणून इथे मिठागरे आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत, आणि अलीकडे द्राक्षे, बोरे आणि लसूण यांचे पीक आहे. भात मात्र पाटाच्या पाण्यावरच होतो. त्यामुळे इथे राज्य करणे म्हणजे पाणी अडवणे आणि वाटणे. चाम लोकांनी ज्या दोन राजांना देवत्व दिले, त्या दोघांच्याही नावावर बंधारे आहेत. न्हा ट्रिन्हचा बंधारा पो क्लोंग गराई याने बांधला अशी परंपरा, तर मारेनचा पो रोमे याने. गुराखी म्हणून वाढून राजा झालेल्या पो क्लोंग गराईच्या पराक्रमाच्या कथा आहेतच, पण शेतकरी त्याला आठवतात ते पाण्यासाठी. 1964 मध्ये जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून दा न्हीम हा जलविद्युत प्रकल्प पुरा झाला आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यातले पाणी या मैदानात उतरू लागले. तेव्हापासून सिंचन वाढले. तरीही आपण जुन्याच पाटावर जगतो, ही इथल्या चाम गावांची भावना पुसलेली नाही.

चंपाविषयी भारतात जे लिहिले गेले, त्यातले सर्वांत गाजलेले पुस्तक रमेशचंद्र मजुमदार यांचे, 1927 साली लाहोरहून निघालेले. अतिपूर्वेकडच्या प्राचीन भारतीय वसाहती या मालेतला तो पहिला खंड होता. शिलालेखांचे संस्कृत पाठ आणि त्यांचे भाषांतर एका जागी आणण्याचे त्यांचे काम मोठे आहे. पण त्या ग्रंथमालेच्या नावातच जो गृहीत विचार आहे, तो मला मान्य नाही. चंपा ही कुणाची वसाहत नव्हती. चाम ही मलायो-पॉलिनेशियन कुळातली भाषा बोलणारे, समुद्रावर वावरणारे, आईकडून वंश मोजणारे हे लोक. त्यांनी संस्कृत घेतली, शिव घेतला, लिपी घेतली आणि त्यांचे आपल्या गरजेप्रमाणे काहीतरी नवे घडवले. पारतंत्र्याच्या काळात भारतीय विद्वानांना दूर देशी आपल्या वैभवाच्या खुणा शोधाव्याशा वाटल्या, हे समजू शकते. आज मात्र त्या चष्म्यातून पाहिले तर चाम माणूसच दिसेनासा होतो. उलट बाजूने व्हिएतनामच्या रूढ इतिहासात हीच कथा दक्षिणेकडच्या वाटचालीची, नवी जमीन लागवडीखाली आणणाऱ्या धाडसी वसाहतकऱ्यांची कथा होते. तिथेही चाम माणूस वाटेतला अडथळा म्हणूनच येतो. या दोन्ही वाटा सोडून पांडुरंगकडे पांडुरंगमधून पाहण्याचा प्रयत्न या पुस्तकात आहे.

चंपाची पीछेहाट मोठ्या टप्प्यांनी झाली. 1471 मध्ये ले थान्ह तोंग या दाई व्हिएतच्या राजाने विजय ही राजधानी घेतली. 1611 मध्ये व्हिएतनामी न्गुयेन सरदारांनी फू येन घेतले. 1653 मध्ये कौठार, म्हणजे न्हा ट्रांगचा मुलूख, गेला आणि सीमा फान रांगच्या नदीवर येऊन थांबली. दोन पिढ्यांच्या आत पांडुरंग एकटे पडले.

त्याआधी, 1627 ते 1651 या काळात पो रोमेने राज्य केले. त्याच्याविषयी चाम गावांत एक कथा सांगतात. राज्याचे रक्षण करणारा क्राइक नावाचा एक वृक्ष होता. व्हिएतनामी राणीने दुखण्याचे सोंग घेतले आणि तो तोडल्याशिवाय आपण बऱ्या होणार नाही असे राजाला पटवले. राजाने स्वतः कुऱ्हाड चालवली, झाडातून रक्त वाहिले आणि राज्य बुडाले. ही कथा ऐकायला सोपी, सांगायला सोपी, आणि पराभवाचा दोष एका बाईच्या माथी मारणारी आहे. प्रत्यक्षात पांडुरंग कसे गेले हे समजायला याहून रुक्ष आणि याहून हृदयद्रावक कागद उपलब्ध आहेत. ते म्हणजे पांडुरंगचे राजदप्तर. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले, चाम आणि चिनी लिपींतले हे कागद फ्रेंचांच्या हाती लागले आणि आज पॅरिसमध्ये आहेत. त्यात करांच्या याद्या आहेत, जमिनीचे तंटे आहेत, कर्जाची खते आहेत. जमीन गहाण, आणि जमीन संपल्यावर माणूस गहाण. राज्य कुऱ्हाडीने पडले नाही, कर्जाने पोखरले गेले, असे हे दप्तर सांगते.

1692 मध्ये न्गुयेन फुक चू या सरदाराच्या फौजेने राजा पो सोत याला पकडले आणि राज्याला थुआन थान्ह हे नाव दिले. हा शेवट ठरायचा, पण लगेचच बंड उठले आणि 1694 मध्ये न्गुयेनांना चाम राजाची गादी पुन्हा मांडून द्यावी लागली. इथून पुढची 138 वर्षे या पुस्तकाचा गाभा आहेत, कारण अशी विचित्र राज्यव्यवस्था मला दुसरीकडे सहसा दिसली नाही. एकाच मैदानात दोन सत्ता नांदत होत्या. चाम, रागलाई, चुरू ही माणसे थुआन थान्हच्या राजाची. शेजारच्याच वाडीत बाहेरून येऊन वसलेला व्हिएतनामी शेतकरी बिन्ह थुआनच्या अधिकाऱ्याचा. राजाचा अंमल जमिनीवर कमी आणि माणसांवर जास्त. नकाशा काढायचा म्हटला तर ठिपक्या-ठिपक्यांचा निघेल. चाम आणि व्हिएतनामी यांच्यात भांडण झाले तर न्याय कुणी करायचा? 1712 मध्ये यासाठी पाच कलमांचा करार झाला. करार झाला म्हणून प्रश्न सुटला नाही. नवा वसाहतकरी पैसा घेऊन यायचा, दुष्काळी वर्षात चाम कुटुंबाला उसने द्यायचा आणि पाटाखालची जमीन हळूहळू त्याच्याकडे जायची. तक्रारींचे जे कागद उरले आहेत, त्यांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलेले दिसते.

1771 मध्ये ताय सोन बंधूंचे बंड सुरू झाले आणि पुढची तीस वर्षे पांडुरंग ताय सोन आणि न्गुयेन या दोन फौजांच्या मधल्या रस्त्यावर सापडले. 1802 मध्ये न्गुयेन घराण्यातला गिया लोंग सम्राट झाला. त्याने चाम गादी राखली. सायगावचा सुभेदार ले वान दुयेत पांडुरंगला पाठीशी घालत असे. गिया लोंगचा मुलगा मिन्ह मांग याला मात्र अर्धवट स्वायत्त असे काहीच नको होते. 1832 च्या उन्हाळ्यात दुयेत वारला आणि काही महिन्यांतच मिन्ह मांगने पांडुरंग खालसा केले. दुयेतची बाजू घेतल्याबद्दल चाम अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. गावांची फेररचना झाली, नवे कर बसले, पोशाख आणि रीतिरिवाज बदलण्याची सक्ती झाली. शिवाची पूजा करणाऱ्यांना आणि मुसलमान आचार पाळणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या धर्मात निषिद्ध असलेले मांस खायला लावल्याच्या आठवणी चाम हस्तलिखितांत नोंदलेल्या आहेत.

पहिले बंड 1833 मध्ये कातिप सुमात या कंबोडियाहून आलेल्या मुसलमान धर्मशिक्षकाने केले. त्याला धर्मयुद्ध हवे होते. दुसरे 1834 मध्ये जा थाक वा याने उभारले आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याला राज्य परत हवे होते आणि त्यासाठी त्याने गादीवर बसवला तो पो वार पलेई, डोंगरातल्या रागलाईंपैकी एक. मैदानातल्या चामांनी डोंगरातल्या माणसाला राजा मानले. पांडुरंग हे एका जातीचे राज्य नव्हते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायला नको. 1835 मध्ये दोघेही मारले गेले आणि बंड मोडले. 1802 ते 1835 या तेहतीस वर्षांचा इतिहास पो धर्म या चाम इतिहासकाराने पॅरिसमधल्या त्याच कागदांवरून लिहिला. त्यांचा दोन खंडांचा फ्रेंच ग्रंथ 1987 मध्ये निघाला. फान रांगच्या परिसरात जन्मलेला, परागंदा झालेला आणि 2019 मध्ये फ्रान्समध्ये वारलेला हा माणूस आपल्याच पूर्वजांच्या तक्रारी वाचत बसला होता. या पुस्तकाचे सर्वांत मोठे ऋण त्यांचे आहे.

फ्रेंच काळावर मी फार रेंगाळलेलो नाही. शिलालेखांचे वाचन, देवळांची डागडुजी आणि थाप चाम ते दा लात हा 84 किलोमीटरचा दातेरी रुळांचा रेल्वेमार्ग ही त्या काळाची देणगी. तो मार्ग 1932 मध्ये पूर्ण झाला, युद्धात बंद पडला आणि त्यावरची काही स्विस इंजिने 1990 मध्ये पुन्हा स्वित्झर्लंडला विकली गेली. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष न्गुयेन वान थियू याच प्रांतातले. त्यांच्या गावाजवळच्या विमानतळावर अमेरिकेचा मोठा तळ होता आणि 16 एप्रिल 1975 रोजी फान रांग पडले, तेव्हा सायगावचा रस्ता मोकळा झाला. याच युद्धाच्या गदारोळात, 1971 मध्ये, फान रांगच्या चाम संस्कृती केंद्रातून जेरार मूसे या फ्रेंच पाद्र्याच्या नेतृत्वाखाली चाम-व्हिएतनामी-फ्रेंच शब्दकोश निघाला. बॉम्बवर्षावाच्या काळात शब्द गोळा करत बसलेल्या त्या मंडळींविषयी मला अपार आदर वाटतो.

आता जे आजही डोळ्यांनी पाहता येते त्याविषयी. फान रांगबाहेरच्या टेकडीवर पो क्लोंग गराईचे विटांचे देऊळ आहे. ते तिसरा जय सिंहवर्मन या राजाने बांधले. तो 1307 मध्ये वारला. दारावर नाचणारा शिव, आत नंदी आणि गाभाऱ्यात मुखलिंग. त्या मुखात भक्तांना शिव आणि राजा दोघेही दिसतात. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, आपल्या आश्विनाच्या आसपास, इथे काते हा सण होतो. आदल्या दिवशी रागलाई लोक डोंगरातून राजाची वस्त्रे घेऊन उतरतात. राज्य गेल्यापासून ती वस्त्रे त्यांनीच सांभाळली आहेत. चाम थोरली बहीण, रागलाई धाकटी, आणि चामांत घराचा वारसा धाकट्या मुलीकडे जातो. म्हणून राजाची ठेवही धाकटीकडे. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत वस्त्रे टेकडीवर येतात. पुरोहित दार उघडण्याची परवानगी मागतो. कासवाच्या पाठीचे कान्यी हे दोन तारांचे वाद्य वाजवत काधार हा गायक-पुरोहित स्तवन म्हणतो. मुखलिंगाला स्नान घालतात, मग थरावर थर वस्त्रे चढवतात, डोक्यावर मुकुट ठेवतात. विझलेल्या राज्याचा राजा दर वर्षी असा दिवसभरासाठी सजतो.

हे पाहून कुणी चामांना केवळ हिंदू म्हणेल तर ती चूक होईल. पांडुरंगचे चाम दोन भागांत आहेत. शिवपरंपरेचे अहिएर आणि इस्लाममधून आलेले अवाल, ज्यांना बानी असेही म्हणतात. अहिएर गोमांस खात नाहीत, अवाल डुकराचे मांस खात नाहीत. अहिएरांच्या देवांच्या यादीत अल्लाहही आहे. अवालांकडे रमजानचे उपवास धर्मगुरू सर्व घरांच्या वतीने मशिदीत राहून करतात. दोन्हींमधला मेळ पो रोमेने बसवला असे परंपरा सांगते. अहिएर मृताचे दहन करतात आणि कपाळाच्या हाडाचे नऊ तुकडे एका डबीत जपून ठेवतात. पुढे ते आईच्या कुळाच्या कुट या दगडांपाशी पुरले जातात. पुरुष लग्नाने बायकोच्या घरी गेलेला असला, तरी मेल्यावर आईकडे परत येतो.

बाउ ट्रुक गावात बायका मडकी घडवतात. चाक नाही. ओट्यावर मातीचा गोळा ठेवून बाई स्वतः त्याच्याभोवती मागच्या पावलांनी फिरत राहते आणि हातांनी भांडे वर चढवते. उघड्यावर लाकडे आणि भाताचा पेंढा रचून ती भाजतात आणि गरम असतानाच वनस्पतींचा रस शिंपडतात. त्याचे डाग प्रत्येक भांड्यावर वेगळे उमटतात. युनेस्कोने 2022 मध्ये या कलेला तातडीने जपण्याच्या यादीत घातले. यादीत नाव आल्याचा आनंद आहे, पण ती यादी आजारी कलांची आहे, हे विसरता येत नाही.

चामांपुढे आज जमिनीचा प्रश्न पुन्हा वेगळ्या रूपात उभा आहे. 2009 मध्ये याच किनाऱ्यावर देशातले पहिले दोन अणुवीज प्रकल्प उभारायचे ठरले, 2016 मध्ये ते रद्द झाले आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा मंजूर झाले. ऊन आणि वारा भरपूर म्हणून सौर आणि पवनवीज प्रकल्पही इथेच आले. कोरडेपणा ही आता मालमत्ता ठरली आहे. त्या मालमत्तेत चाम गावांचा वाटा किती, हा प्रश्न विचारायला हवा. देशातल्या सुमारे 1 लाख 79 हजार चामांपैकी 67 हजार या जुन्या प्रांतात राहतात. स्वतःच्या प्रांतात ते दर नऊ माणसांमागे एक होते. मोठ्या खान होआत त्यांचे प्रमाण आणखी पातळ झाले आहे, आणि या विलीनीकरणातली मला वाटणारी खरी चिंता ती आहे. त्याच वेळी, 1653 मध्ये तुटलेले कौठार आणि पांडुरंग आता एका प्रांतात आले आहेत. न्हा ट्रांगच्या पो नगर देवीचे देऊळ आणि पो क्लोंग गराईची टेकडी यांच्यामध्ये आता प्रांताची सीमा नाही. ठराव करणाऱ्यांच्या मनात हे असेल असे वाटत नाही, पण चामांच्या मनात ते नक्कीच आले असणार.

वाचकांसाठी दोन सूचना. शिलालेखांच्या प्रकरणांत साले शक आणि इसवी अशी दोन्ही दिली आहेत. ज्यांना राजवंशांच्या याद्यांचा कंटाळा आहे, त्यांनी 1692 ते 1835 चा भाग आधी वाचावा आणि मग मागे जावे.

आणि एक विनंती. पांडुरंगचे पॅरिसमधले दप्तर वाचू शकणारी माणसे जगात मोजकीच आहेत. आपल्याकडे शिलालेख वाचणारे आहेत, मोडी कागदांतून गहाणखते आणि वतनाचे तंटे उलगडण्यात हयात घालवलेले अभ्यासक आहेत. चाम लिपीही ब्राह्मीतूनच आली आहे, आणि तंट्यांची, कर्जाची, पाटाच्या पाण्याची भाषा त्यांना परकी वाटणार नाही. आपल्या तरुण अभ्यासकांपैकी एकदोघांनी तरी ही लिपी शिकावी आणि त्या कागदांना हात घालावा.